स्लॅबआधीची भिंत

तळघराची भिंत पुढे पन्नास-साठ वर्षं माती अडवून उभी राहते, पण तिची खरी परीक्षा पहिल्या दोन महिन्यांतच होते. काँक्रीट ओतून झालेलं असतं, शटरिंग खोललेलं असतं, भिंत ओळंब्यात असते, आणि बाहेरच्या अंगाला खड्ड्याची कड व भिंत यांच्यामध्ये मीटर-दीड मीटरची फट उघडी असते. ती फट बुजवायची घाई साइटवर प्रत्येकाला असते. परांचीला सपाट जमीन हवी. काँक्रीटचा पंप उभा करायला जागा हवी. डंपरला इमारतीभोवती फिरायला रस्ता हवा. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी रोज येऊन आपली कंपाउंडची भिंत खड्ड्याच्या काठावर आल्याची आठवण करून देतात, आणि मे महिना संपत आलेला असतो. मग एका सकाळी पोकलेन येतो आणि काठावर रचून ठेवलेली माती भिंतीमागे लोटतो. दोन दिवसांत काम आटोपतं. तळमजल्याचा स्लॅब तोवर पडलेला नसतो.

ही पुस्तिका त्या दोन दिवसांविषयी आहे. साइट इंजिनिअर, सुपरवायझर, सेंट्रिंगचा ठेकेदार आणि मुकादम हे तिचे वाचक. गणित जेवढं लागतं तेवढंच घेतलं आहे; पण थोडं तरी लागतंच, कारण इथे नुसत्या नजरेचा अंदाज फसवतो. नऊ इंचांची जाड आर.सी.सी. भिंत, आत बोटाएवढ्या सळया. तिला माती काय करणार, असं कुणालाही वाटेल.

पार्किंगच्या तळघराची भिंत बहुतेक वेळा दोन्ही टोकांना टेकलेली धरूनच आखलेली असते. खाली राफ्ट किंवा फूटिंग, वर तळमजल्याचा स्लॅब. पुस्तकांची फळी दोन्ही टोकांना खुंट्यांवर ठेवली की मधोमध झुकते आणि तडा गेलाच तर खालच्या अंगाला, मध्यावर जातो. तीच फळी एका टोकाला भिंतीत रोवून दुसरं टोक अधांतरी ठेवली तर ती रोवल्या जागी मोडते, आणि तडा वरच्या अंगाला जातो. तळघराच्या भिंतीचं नेमकं असंच आहे. स्लॅब असताना मातीच्या रेट्याने तिचा मधला भाग आत फुगू पाहतो, म्हणून डिझायनर मुख्य सळई आतल्या, म्हणजे पार्किंगच्या बाजूला देतो. स्लॅब नसताना तीच भिंत पायथ्याला रोवलेली आणि वर मोकळी अशी होते. ताण पायथ्याशी आणि मातीच्या बाजूला येतो. तिथे सळई असते, पण ती वेगळ्या हिशोबाने दिलेली असते आणि बहुधा पुरेशी नसते. भिंत तीच, काँक्रीटही चांगलं, फक्त सळई भलत्या अंगाला. या पुस्तिकेतली ही एक गोष्ट वाचकाच्या पक्की लक्षात राहिली तरी पुरे आहे.

आता आकडे. भिंत तीन मीटर उंच, मागे मुरूम, त्याचं वजन घनमीटरला १.८ टन. हलू न शकणाऱ्या भिंतीवर अशा मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या साधारण निम्मा येतो. वर शून्य, तळाशी चौरस मीटरला २.७ टन, सगळा मिळून भिंतीच्या दर मीटर लांबीला चार टनांहून किंचित जास्त. हा रेटा पायथ्यापासून एक मीटर उंचीवर एकवटला आहे असं धरता येतं. भिंत वर मोकळी असेल तर पायथ्याला चार टन-मीटरचा वाक सोसावा लागतो. वर स्लॅबचा आधार असेल तर सर्वांत मोठा वाक दीड टन-मीटरच्या आसपास येतो, तोही पायथ्यापासून दूर, आतल्या अंगाला. म्हणजे घाईघाईत माती भरणारा माणूस भिंतीकडून अडीचपट काम मागतो आणि तेही चुकीच्या जागी. शिवाय सात दिवसांच्या काँक्रीटने अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीपैकी दोन तृतीयांशच्या आसपासच कमावलेली असते. फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट असेल तर त्याहूनही कमी.

भिंत लगेच कोसळली नाही तरी काम बिघडतंच. पायथ्याचा तडा मातीच्या बाजूला पडतो आणि भरावाखाली गाडला जातो. आतून भिंत सरळ, गुळगुळीत, रंग द्यायला तयार. दोन पावसाळ्यांनंतर पायथ्याशी ओल दिसू लागते, मग गंजाचे तांबूस ओघळ, आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याला दोष देण्याचा कार्यक्रम सुरू होतो. बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग केलेलं असलं तरी भिंत वाकताना त्याचे सांधे उघडतात. तळघरांच्या गळतीची जी रडगाणी आपण ऐकतो, त्यांतली बरीचशी वॉटरप्रूफिंगची नसून भरावाच्या वेळेची आहेत, असं माझं मत आहे. त्याला पुरावा मागितला तर खणून दाखवावं लागेल, आणि खणायला कुणीच तयार नसतं.

मातीच्या रेट्याचा अभ्यास किल्ल्यांच्या कामातून सुरू झाला. शार्ल कूलोंब हा फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता. तिथल्या अनुभवावर त्याने लिहिलेला निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापून आला. विजेच्या नियमासाठी शाळेत ज्याचं नाव आपण घोकतो, तोच हा कूलोंब. भिंत जराशी पुढे सरकली की तिच्यामागे मातीची एक पाचर सुटते, आणि त्या पाचरीचं वजन व घर्षण यांवरून रेटा काढता येतो, ही त्याची मांडणी. १८५७ मध्ये ग्लासगोच्या रँकिनने तेच सोप्या सूत्रात बसवलं, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलाला ते पाठ असतं.

अडचण इथेच आहे. पाठ असलेलं ते सूत्र सरकणाऱ्या भिंतीचं आहे. कार्ल टेर्झागीने अमेरिकेत एमआयटीमध्ये मोठ्या भिंतीवर प्रयोग करून दाखवलं की घट्ट वाळू अडवणारी भिंत उंचीच्या हजाराव्या भागाइतकी जरी पुढे गेली तरी रेटा झपाट्याने उतरतो. तीन मीटरच्या भिंतीला हे अंतर जेमतेम तीन मिलिमीटर. माती स्वतःच्या घर्षणाने स्वतःला सावरून धरते, आणि रँकिनच्या सूत्राने आपल्या मुरमाचा रेटा चार टनांवरून पावणेतीन टनांवर येतो. पण भिंत टेकूंनी घट्ट धरली, तर ती ही सवलत मातीला देत नाही. म्हणजे टेकू दिल्याने भिंतीवरचा रेटा वाढतो! नव्या इंजिनिअरला हे ऐकून टेकूच नको असं वाटण्याचा संभव आहे. त्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रेटा वाढला तरी वाक घटतो, आणि भिंत मोडते ती वाकाने. शिवाय तीन मिलिमीटरांची ती सवलत मिळवताना भिंत बरोबर तीन मिलिमीटरांवरच थांबेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून टेकूंचा हिशोब मोठ्या आकड्यावर, चार टनांवर करायचा. रँकिनचा आकडा घेऊन टेकू आखणं ही या विषयातली सर्वांत सभ्य दिसणारी चूक आहे.

हा सगळा हिशोब कोरड्या मातीचा झाला. आपल्याकडे त्याला पाऊस भेटतो. भरावात पाणी काठोकाठ साचलं तर एकट्या पाण्याचा रेटा दर मीटरला साडेचार टन होतो. पाण्यात बुडालेली माती हलकी होते हे खरं, तिचा वाटा सव्वादोन टनांवर येतो. तरी बेरीज पावणेसात टन. मातीला घर्षण असतं, पाण्याला काहीच नसतं, त्यामुळे पाण्याकडून सवलतीचा प्रश्नच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत जी तळघरं अर्धवट बांधलेली होती, त्यांच्या भिंतींमागचा सैल भराव किती वेळात भरला असेल, याचा विचार करून पाहावा. एवढ्या टोकाला जायचीही गरज नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातला पुण्याचा एक वळीवही नुकताच लोटलेला, न दाबलेला भराव भिजवायला पुरतो, कारण अशा भरावात आजूबाजूच्या कातळावरून वाहणारं सगळं पाणी येऊन थांबतं. बेसाल्टात खणलेला खड्डा म्हणजे दगडी हौदच. त्याला खालून निचरा नाही.

त्यात काळी माती वापरली असेल तर बोलायलाच नको. पुण्याच्या पूर्वेला आणि मराठवाडा-विदर्भात खणलेल्या खड्ड्यातून तीच निघते आणि वाहतुकीचा खर्च वाचावा म्हणून तीच परत भरली जाते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि दोन घट्ट बाजूंच्या मध्ये कोंडून फुगली तर तिचा दाब आपल्या वरच्या कोणत्याही आकड्याला जुमानत नाही. काळी माती भिंतीमागे नको, निचऱ्याचा मुरूम हवा, पायथ्याला सच्छिद्र पाइप आणि खडी हवी. यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

पाणी आणि भिंत यांचा हिशोब चुकला की काय होतं, हे २०१९ च्या पावसाळ्याने आपल्याला चार दिवसांत दोनदा दाखवलं. २९ जूनच्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची कंपाउंडची भिंत शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यालगत असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या घरांवर कोसळली आणि पंधरा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरच्या जलाशयाच्या आवाराची भिंत पाण्याच्या लोंढ्यासह वस्तीवर आली आणि मृतांचा आकडा तिसावर गेला. या दोन्ही तळघराच्या भिंती नव्हत्या, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भिंतीमागची ओली माती, अडलेलं पाणी आणि भिंतीच्या सावलीत राहणारी माणसं, हा मेळ तळघराच्या साइटवर रोज असतो. आपल्याकडे मजुरांची खोपटी आणि स्वयंपाकाच्या चुली नेमक्या तळघराच्या आत, भिंतीच्या आडोशाला मांडलेल्या असतात, कारण तिथे वारा आणि पाऊस लागत नाही.

शांघायचं उदाहरण थोडं निराळं. २७ जून २००९ ला तिथे जवळजवळ पूर्ण झालेली तेरा मजली इमारत सबंधच्या सबंध आडवी झाली. एका बाजूला भूमिगत पार्किंगसाठी साडेचार मीटरच्या आसपास खोल खणलं होतं आणि निघालेली माती दुसऱ्या बाजूला दहा मीटरपर्यंत रचली होती. मातीने इमारतीला एका बाजूने ढकललं, खालचे पाइल तुटले. इमारत रिकामी होती म्हणून एकच कामगार दगावला. भराव इमारतीच्या सर्व बाजूंनी सारखा चढत न्यायचा, एक बाजू आधी संपवून टाकायची नाही, या साध्या नियमामागे एवढं मोठं कारण आहे.

आता टेकूंकडे वळू. जिथे भिंत काटकोनात वळते तिथे ती स्वतःला धरून असते. आडवी भिंत उभीचा टेकू होते. धोका असतो तो मधल्या लांब, सरळ पट्ट्यात. अरुंद तळघर असेल तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडवे स्ट्रट घालता येतात. हे काम आपल्या भागात जुनं आहे. गुजरातमधल्या खोल वावांमध्ये, अहमदाबादजवळच्या १४९९ सालच्या अडालजच्या वावेत उदाहरणार्थ, पायऱ्यांच्या मार्गावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मजल्यावर मजले खांब-तुळयांचे सांगाडे आहेत. आपण नक्षी बघत राहतो; त्या तुळया दोन्ही बाजूंच्या मातीला एकमेकींवर टेकवून ठेवताहेत हे सहसा कुणी सांगत नाही.

पार्किंगचं तळघर मात्र रुंद असतं, म्हणून तिरके टेकू द्यावे लागतात. भिंतीच्या आतल्या अंगाला आडवा चॅनेल, त्याला टेकलेला तिरका पाइप किंवा आय सेक्शन, आणि खाली राफ्टमध्ये त्याचा पाय अडवणारा काँक्रीटचा ठोकळा. वरच्या गणितात स्लॅबच्या जागी दर मीटरला १.३५ टन प्रतिकार लागतो. टेकू दोन-दोन मीटरवर ठेवले तर प्रत्येकावर २.७ टन आडवा भार. पंचेचाळीस अंशांत कललेल्या टेकूत तो ३.८ टन होतो. आणि तेवढाच, २.७ टनांचा, वर उचलणारा जोरही येतो. हा वरचा जोर सगळे विसरतात. चॅनेल भिंतीला बोल्टने धरलेला नसेल तर तो भिंतीवरून वर घसरतो आणि टेकू निसटतो. टेकू भिंतीच्या अगदी माथ्याला न लावता थोडा खाली लावणं सोयीचं असतं, म्हणजे स्लॅबच्या सेंट्रिंगच्या आड येत नाही. पण मग त्याच्यावरचा भार वाढतो, आणि हिशोब नव्याने करावा लागतो.

सेंट्रिंगचे जॅक प्रॉप तिरके लावून काम भागवण्याची पद्धत सर्रास आहे, आणि तिला माझा विरोध आहे. ते स्लॅबचं वजन उभ्याने पेलण्यासाठी केलेले असतात. सडपातळ टेकूची लांबी दुप्पट झाली की वाकून निकामी होण्याआधी पेलण्याची त्याची ताकद चौथाईवर येते, आणि तिरका टेकू नेहमीच लांब असतो. निलगिरीच्या बल्ल्यांबद्दल तर त्यांची गाठ नि वाक बघूनच बोलावं.

आणि टेकू मजबूत असून भागत नाही. सिंगापुरात २० एप्रिल २००४ ला मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी खणलेला निकोल हायवेजवळचा खोल खड्डा कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. तिथे पोलादी स्ट्रटचे थरावर थर होते. चौकशीत जे कच्चे दुवे निघाले त्यांतला एक म्हणजे स्ट्रट आणि आडवी तुळई यांचा सांधा. आपल्या तीन मीटरच्या तळघराला ती तुलना मोठी आहे, पण आपल्याकडेही बघावं तर टेकू जाडजूड आणि त्याच्या पायाशी लाकडाची एक कपची, असाच प्रकार असतो.

थंड मुलुखात हा विषय घराघरात पोचलेला आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत थंडीत जमीन चार-पाच फुटांपर्यंत गोठते, पाया त्याखाली न्यावाच लागतो, आणि एवढं खणलंच आहे तर खोली करून घ्यावी म्हणून घरोघरी तळघर असतं. न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना 'बेसमेंट' म्हणजे मुलांची खेळायची आणि गणपतीत पाहुणे झोपवायची जागा. त्या भिंती पुष्कळदा काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकच्या असतात, आणि वरचा मजला लाकडी. म्हणून तिथल्या निवासी बांधकाम संहितेत थेट कलम आहे: भिंतीला पुरेशी ताकद येऊन ती वरच्या मजल्याला जखडली जाईपर्यंत, किंवा तिला टेकू दिले जाईपर्यंत, मागे माती भरायची नाही. चार फुटांपेक्षा कमी भराव असलेल्या भिंतींना तेवढी सूट. जुन्या घरांत मध्यावर आडवी चीर आणि कोपऱ्यांत पायऱ्यांसारखी चीर दिसली की तिथले तपासनीस मातीच्या रेट्याचा संशय घेतात. घर घेण्याआधी तळघराच्या भिंतीला दोरी लावून पाहायला हरकत नाही.

आपल्याकडे खोदकामाच्या सुरक्षेसाठी आयएस ३७६४ आहे, काँक्रीटसाठी आयएस ४५६ आहे. नसतो तो मधल्या काळाचा मालक. डिझायनरच्या ड्रॉइंगवर पूर्ण झालेली इमारत असते. ती बरोबर असते. ठेकेदाराच्या दरपत्रकात बॅकफिलिंग घनमीटरवर असतं आणि टेकूंची ओळच नसते, म्हणून टेकू दिले तर ते त्याच्या खिशातून जातात. ज्याचे पैसे लिहिलेले नाहीत ते काम साइटवर होत नाही, यात ठेकेदाराला फार दोष देता येत नाही. माझ्या मते डिझायनरने ड्रॉइंगवर दोन ओळी लिहाव्यात: ही भिंत वर स्लॅबचा आधार धरून आखली आहे, स्लॅबला ताकद येण्याआधी अमुक उंचीवर माती चढवायची असेल तर टेकूंचं वेगळं ड्रॉइंग मागून घ्यावं. आणि दरपत्रकात टेकूंची एक ओळ असावी. स्लॅब आधी करणं शक्य असेल तर अर्थात टेकूंपेक्षा ते केव्हाही स्वस्त.

थांबणं शक्य नसेल तेव्हा एक मधला मार्ग आहे. पायथ्याचा वाक भरावाच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. तीन मीटरच्या भिंतीमागे दीडच मीटर भरलं तर वाक निम्मा होत नाही, आठव्या हिश्शावर येतो. चार टन-मीटरच्या जागी अर्धा. एवढा वाक पुष्कळ भिंती विनाटेकू सोसतात, अर्थात डिझायनरने तपासून सांगितलं तर. तेवढ्या भरावावर परांची उभी राहते, स्लॅब पडतो, आणि उरलेली माती नंतर चढते. भरताना वीस-पंचवीस सेंटिमीटरचे थर, भिंतीलगतच्या मीटरभर पट्ट्यात रोलर नाही, तिथे धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. कारण जड रोलरने कोंबलेली माती भिंतीवर कायमचा जादा दाब ठेवून जाते. भरलेल्या डंपरला काठापासून भिंतीच्या उंचीइतकं तरी लांब ठेवायचं. काठावर चौरस मीटरला टनभर ओझं आलं की भिंतीच्या दर मीटरला दीड टन रेटा वाढतो.

शेवटचं प्रकरण टेकू काढण्याचं आहे, आणि ते सर्वांत छोटं आहे. स्लॅबला ताकद आल्याचा क्यूबचा निकाल हातात आल्याखेरीज जॅकला हात लावायचा नाही. मग एकाआड एक टेकू, प्रत्येक जॅक थोडा थोडा सैल करत, आणि एक माणूस सतत भिंतीच्या माथ्याला लावलेल्या दोरीवर नजर ठेवून. दोरी आणि भिंत यांतलं अंतर बदललं तर जॅक परत आवळायचा, काम थांबवायचं आणि डिझायनरला साइटवर बोलवायचं.